बारा दिवसांची बंडी

जिवंत कापडाची बंडी मी सलग बारा दिवस अंगात घातली. ठरले होते सात दिवस. वरचे पाच माझ्यामुळे वाढले, आणि ते माझे एकटीचे वाढले असते तर मी आज हे लिहायला बसलेच नसते.

गडचिरोलीच्या थोडं अलीकडे, चंद्रपूरच्या रस्त्याला, एक बंद पडलेलं वसतिगृह आमच्या प्रकल्पानं भाड्यानं घेतलं होतं. काम सांगायला सोपं होतं. उन्हात राबणाऱ्या बाईला ऊन लागण्याआधी तिच्या कपड्यानंच तिला सांगायचं, की बाई, आता सावलीत हो. त्यासाठी सुती बंडीच्या पाठीला, मानेखाली, दोन बोटं रुंदीची पांढरी पट्टी शिवलेली होती. पट्टीच्या धाग्यांवर खळीसारखा पातळ थर आणि त्या थरात प्रयोगशाळेत बदल करून घेतलेले जंतू, जिवंत. अंगातलं पाणी उतरायला लागलं की घाम बदलतो, त्यातले क्षार वाढतात. जंतूंना ते कळतं आणि ते लाल रंग तयार करतात. पट्टी लाल झाली की काम थांबवायचं. एवढंच.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. आहे. भद्रावतीला कारखान्याच्या वसाहतीत वाढले, चंद्रपूरला शिकले आणि नंतर सहा वर्षं या प्रकल्पातून त्या प्रकल्पात उड्या मारत राहिले. प्रत्येक वेळी कंत्राट संपायचं आणि मी पुन्हा चंद्रपूरच्या शिकवणीवर्गात बारावीच्या मुलांपुढे खडू घेऊन उभी राहायचे. बाबा मात्र क्वार्टरमधल्या सगळ्यांना सांगत, आमची मुलगी सायंटिस्ट आहे. त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला की मला हसू यायचं आणि धास्तीही वाटायची. या वेळी नोकरी टिकवायचीच, असं मी मनाशी घट्ट ठरवून आले होते. माझा स्वभाव मुळात तापट. ठरवलेल्या गोष्टीच्या आड कोणी आलं की मला दिसेनासं होतं.

आठ बायका होत्या. सगळ्या धानाच्या पट्ट्यातल्या, रोवणी-कापणीची सवय असलेल्या. सात दिवस आवारातच राहायचं, सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास अंगणात मातीची घमेली वाहायची, उरलेला वेळ कूलरपुढे बसायचं. मीही त्यांच्यासारखीच बंडी घालून राहणार होते. बाहेर मात्र कोणीच जायचं नाही. बदललेले जंतू आवाराबाहेर जाऊ नयेत म्हणून खिडक्यांना बारीक जाळ्या मारल्या होत्या, न्हाणीचं पाणी वेगळ्या खड्ड्यात पडून त्यात औषध मिसळायचं, फाटकाला कुलूप आणि कुलपाशी पहारेकरी. आणखी एक नियम होता. ज्याचं कारण कळत नाही असा रंग पट्टीवर दिसला, तर कारण सापडेपर्यंत फाटक उघडायचं नाही. जंतू आपल्या मनानं बदलले असतील तर ते बाहेर सोडायचे कसे? हा नियम मीच मराठीत उतरवून बायकांना वाचून दाखवला होता आणि प्रत्येकीचा अंगठा किंवा सही घेतली होती.

पहिल्या दिवशी बंड्या वाटल्या आणि कोणी घालेना.

"थे किडे अंगात गेले मंग?" एकीनं विचारलं.

मी दह्याच्या विरजणाचं उदाहरण दिलं, दोनदा दिलं. त्या ऐकून घेत होत्या आणि बंड्या तशाच मांडीवर घडी करून बसल्या होत्या. शेवटी त्यांच्यातली सगळ्यात वयानं मोठी होती ती म्हणाली, "थे जाऊ द्या ताई. पन नवं कापड असं कोरंच अंगाले लावाचं काय? हळदीचं बोट तं लागू द्या."

नव्या कपड्याला हळदीचं बोट लावूनच तो घालायचा, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. आमच्या घरी आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच या गोष्टी बंद झाल्या होत्या, पण शेजारपाजारी मी ते हजारदा पाहिलं होतं. वैताग आला होता, दुपार चढत होती, पुण्याहून प्रकल्प चालवणाऱ्या सरांना फोटो पाठवायचे होते. मी स्वयंपाकघरातून हळद आणली, वाटीत कालवली आणि माझ्या हातानं नऊच्या नऊ बंड्यांना बोट लावलं. मी लावलं म्हणजे त्यांचा विश्वास बसेल, असा माझा शहाणा विचार. दिसू नये म्हणून आतल्या बाजूला, कॉलरपाशी लावलं. म्हणजे पट्टीच्या बरोबर वर. त्यांनी हसत हसत बंड्या घातल्या. मी फोटो काढले. रोजच्या नोंदींच्या वहीत हळदीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. हळदीनं जंतूंचं काय होतं हे ज्या पोरीला परीक्षेत विचारलं होतं, तिनं लिहिलं नाही.

ती मोठी बाई म्हणजे पन्नाशीची, सडपातळ, सारखी काहीतरी आवरत असायची. नवरा तीन वर्षांपूर्वी वारलेला. एकुलती एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती, जावई तेलंगणात कामाला. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. "सात दिवसाचं तं काम आहे, मी येतोच," असं सांगून बाई आली होती. रोज संध्याकाळी ती तिच्या बटणांच्या फोनवरून मुलीशी बोलायची. फोनचा आवाज मोठा, त्यामुळे मायलेकींचं सगळं आम्हाला पाठ झालं होतं. काय खाल्लं, पाय सुजले का, शेजारीण येऊन जाते का. मुलगी हसरी होती. आईला चिडवायची, "कापडातले किडे चावत तं नाई ना?"

सहाव्या दिवशी संध्याकाळी पट्ट्या तपासताना तीन लाल निघाल्या. त्या बायका दुपारपासून कूलरपुढे पाय पसरून बसल्या होत्या, पाणी प्यायल्या होत्या, ठणठणीत होत्या. लाल रंग दिसायचं काहीच कारण नव्हतं. मी फोटो सरांना पाठवले. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. फाटक उघडायचं नाही, सगळे नमुने गाडीनं पाठवा, कोणालाही सोडू नका.

ते सांगायला मी ओसरीवर गेले तेव्हा बाई आपली बंडी हातात धरून दिव्याखाली निरखत होती. तिचीही पट्टी एका कडेनं लालसर झाली होती.

"ताई, हे किड्याचं नोहे," ती म्हणाली. "हे हळदीचं आहे. घामानं हळद खाली उतरली. अन् आमी रोज सांजेले मान साबनानं धुतो. हळदीच्या डागाले साबन लागला का लाल होते. भाजीचा हात पुसलेला दुपट्टा कधी धुतला नाई काय तुमी?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. धुतला होता. शंभरदा धुतला होता. साबणाच्या अल्कलीनं हळद लाल होते, हे तर मी शिकवणीवर्गात मुलांना फळ्यावर लिहून दिलं होतं. मी तिच्या हातातली बंडी घेतली, पाहिली. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. तो लालही निराळा होता, कुंकवाच्या जवळचा.

त्याच क्षणी फोन करायला हवा होता. एका वाक्याचं काम होतं. सर, पहिल्या दिवशी मी स्वतः बंड्यांना हळद लावली आणि नोंद केली नाही. त्या वाक्यानं फाटक उघडलं असतं. आणि त्या वाक्यानं सहा दिवसांचं सगळं काम कचऱ्यात गेलं असतं, माझ्या हातानं. मला सरांचा चेहरा दिसला, मग शिकवणीवर्गाची पायरी दिसली, मग क्वार्टरच्या ओट्यावर बसलेले बाबा. मी बाईला म्हटलं, "सांगते मी सरांना."

"सांगा जी. माही पोरगी वाट पाहून राह्यली."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, सांगतलं काय? मी म्हटलं, सांगितलं, ते बघतायत. इतक्या सहज निघालं तोंडातून, की मलाच नवल वाटलं. माझा हिशेब असा होता, की प्रयोगशाळेत नमुने गेलेच आहेत, तिथे कोणाला तरी हळद सापडेलच. मग दोष नेमका कुणाचा, याची चौकशी कोण करतंय? एक-दोन दिवसांचा प्रश्न. पण तिथे ते जंतूच तपासत होते, हळद कोण शोधणार? जंतूंमध्ये बदल सापडेना, म्हणून सर आणखी घाबरले. आणखी नमुने मागवले. मी ते निमूटपणे बाटल्यांत भरून, चिठ्ठ्या चिकटवून पाठवत राहिले.

त्यानंतरचे दिवस मला आजही तासातासानं आठवतात. मे महिना. कूलरमध्ये टाकलेलं पाणी दुपारपर्यंत संपायचं. घमेल्यांचं काम बंद झालं होतं, त्यामुळे करायला काहीच उरलं नव्हतं. भिंतीपलीकडून चंद्रपूरची एस.टी. जायची, थांब्यावर थांबायची, कंडक्टरची घंटी वाजायची. दोनशे पावलांवर बस आणि मध्ये जाळी. बायका आधी हसण्यावारी न्यायच्या, मग कुरकुरायला लागल्या, मग गप्प झाल्या. एकीच्या शेतात नांगरटीला माणूस यायचा होता, एकीचं पोर आजारी होतं. माझ्याकडे बघणं त्यांनी कमी केलं. मीही चिडचिड करायला लागले. पाणी सांडलं म्हणून एकीवर ओरडले, ती रडली. ती रडल्यावर मला आणखी राग आला. राग स्वतःचा होता, पण तो स्वतःवर काढता येत नाही ना, म्हणून मी दिसेल त्याच्यावर काढत होते.

बंडी मलाही टोचायला लागली होती. धुवायची नाही, काढायची फक्त अंघोळीपुरती आणि तपासणीला. झोपेत मानेशी ओलसर लागायचं आणि मी दचकून उठायचे. माझी पट्टी शेवटपर्यंत पांढरीच राहिली. साबणानं पट्टीतले जंतू मरतात हे मला माहीत होतं, म्हणून मी मानेला साबण लावत नव्हते.

बाई मात्र रोज विचारायची. तक्रार म्हणून नाही, चौकशी म्हणून. "आज केला काय फोन?" केला. "काय म्हनले साहेब?" बघतो म्हणाले. "तुमालेबी किती तरास," असं म्हणून ती माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेला भात पुढे सरकवायची. तो भात तिच्या हातून घेणं माझ्या जिवावर यायचं, आणि तरी मी तो रोज खाल्ला.

दहाव्या दिवशी संध्याकाळच्या फोनवर मुलगी हसली नाही.

"आई, तू सात दिवस म्हनली होती."

"येतो व बाई. इथी अडकली मी."

"कोनतं काम एवढं मोठं आहे? मी एकली आहे घरी. तुले काम माह्याहून मोठं झालं काय?"

बाईनं मला दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडे फिरवलं. ती मुलीला काहीच समजावत नव्हती. हळद, साबण, किडे, नियम, हे फोनवर सांगणार तरी कसं? ती नुसतं "नाई व, नाई व" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे आली नाही. मीच उठून गेले आणि तिला म्हटलं, उद्या नक्की काहीतरी करते. आणि दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला, हवापाण्याबद्दल बोलले, नमुने पोचले का विचारलं आणि ठेवून दिला. मी हे इतकं स्पष्ट लिहिते आहे, कारण भीती ही कारण म्हणून चांगली दिसते. पण त्या दिवशी मला भीतीसुद्धा वाटत नव्हती. नुसती सवय झाली होती.

बाराव्या दिवशी सकाळी साडेआठला शेजारणीचा फोन आला. मुलीला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या. दिवस भरायच्या आधीच. गाडी बोलावली आहे, गडचिरोलीच्या दवाखान्यात नेतो. बाई उठली ती थेट फाटकाशी गेली. पहारेकरी भला माणूस, पण त्याच्या हातात चावी आणि कानात माझाच नियम. ती त्याच्या हातापाया पडत होती. तो "मॅडम सांगतील तं खोलतो" म्हणत होता. आणि दोघंही माझ्याकडे बघत होते.

मी ऑफिसच्या खोलीत गेले, दार लावलं आणि फोन केला.

"सर, आत्ताच एक लक्षात आलं," मी म्हटलं.

हो, हेच शब्द. आत्ताच. बायकांनी पहिल्या दिवशी प्रथा म्हणून बंड्यांना हळद लावली असावी, असं मी म्हटलं. लावली असावी. सरांनी एका कोऱ्या कापडावर हळद आणि साबण लावून व्हिडिओ पाठवायला सांगितला. त्याला एक मिनिट लागलं. सर खूश झाले. केवढं बारीक निरीक्षण, म्हणाले. हे आपल्या अहवालात महत्त्वाचं ठरेल, गावागावांत कापड वापरायचं तर हे माहीत असायलाच हवं. मग बाहेर पडण्याची रीत पूर्ण करायला सांगितली. औषधाच्या पाण्यानं अंघोळ, अंगावरचे नमुने, नवे कपडे, बंड्या जाळणे. नऊ जणींचं उरकायला अडीच तास लागले. मी बाईला पहिली घेतली, पण कागद सगळ्यांचे एकत्रच पूर्ण व्हावे लागत होते. ती नवं लुगडं नेसून, ओले केस तसेच सोडून, फाटकाला हात लावून उभी राहिली.

दवाखाना तिथून रिक्षानं वीस मिनिटांवर. वीस मिनिटं. मुलगी तीस किलोमीटर गाडीतून आली आणि आई त्याच गावाच्या कडेला फाटकाशी उभी होती. मी बाईबरोबर गेले. का गेले ते सांगता येत नाही. तिला एकटीला सोडवेना, असं म्हणता येईल, पण खरं म्हणजे मला ते संपलेलं माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

बाळ झालं होतं. मुलगा, बारीक पण धडधाकट. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं आईचा आवाज ऐकला, पण मान वळवली नाही. बाई खाटेच्या कडेवर बसली, तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. मग मुलगी म्हणाली, "मी किती बोलावलं तुले. शेजारीन दवाखान्यात पोचवून वापस गेली. नर्सबाई विचारे, तुह्यासंग कोन आहे. मी म्हनो, कोनी नाई."

"मले सोडत नव्हते बापा," बाई म्हणाली. "या ताईले विचार. पाच दिवस झाले, रोज फोन करून राह्यली साहेबाले माह्यासाठी. तिच्यानं मी आज तरी आली, नाई तं तेबी नाई." आणि तिनं फडक्यात गुंडाळलेलं बाळ उचललं आणि माझ्या हातात दिलं. "घ्या ताई. तुमीच पयले घ्या."

मी बाळ घेतलं. ते झोपलेलं होतं, एक हात फडक्याबाहेर होता. त्याला घेऊन मी बाजूच्या स्टुलावर बसले. खोटं मी बाईशी बोलले होते, ते तिनं खरं मानलं होतं, आणि आता तिनं ते तिच्या मुलीला दिलं होतं, मायलेकींमधलं तुटलेलं सांधायला. खरं सांगितलं तर माझं काय होईल, याचा विचार तेव्हा मनात आला नाही. आला असता तर मला बरं वाटलं असतं. मी एवढाच विचार केला की आता खरं सांगितलं तर या बाईच्या हातात काय उरेल? आणि लगेच कळलं, की हाही माझ्या सोयीचाच विचार आहे.

बाई गरम पाणी आणायला थर्मास घेऊन बाहेर गेली. वॉर्डात इतर खाटांवर बायका होत्या, त्यांचे नातेवाईक होते, पण आमच्या खाटेशी आम्ही दोघीच. मुलीनं मान वळवली. चेहरा सुजलेला, ओठ कोरडे पडलेले. ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती. फोनवरचा तो हसरा आवाज या चेहऱ्याचा, हे मला जुळवायला वेळ लागला.

"ताई, खरंच रोज फोन करे काय तुमी?"

तिनं संशयानं विचारलं नव्हतं. तिला ते खरं असायला हवं होतं.

"हो," मी म्हटलं.

तिचे डोळे भरून आले. "मंग मी उगाच आईले बोलली," ती म्हणाली. "गंज बोलली जी मी तिले, नाई नाई थे बोलली."

तिनं हात लांब करून बाळाच्या अंगावरचं फडकं नीट केलं आणि स्टूल टोचत असेल म्हणून खाटेवर थोडी सरकून मला बसायला जागा करून दिली.